संमतीच्या कागदाबद्दल

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडली होतीस, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. टेक्सासातल्या तुझ्या विद्यापीठाच्या, संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीने तुझा अभ्यासाचा प्रस्ताव पुन्हा परत पाठवला, कैद्यांशी बोलायचं म्हटलं की त्यांच्या संमतीच्या कागदावर शंभर शंका काढतात, असं तू म्हणालीस. काढू देत गं. माझी सगळी नोकरी कारागृहाच्या महिला विभागात गेली, म्हणून सांगते.

आमच्याकडे कॉलेजची मुलंमुली छापील प्रश्नावल्या घेऊन यायची. चांगल्या मनाची पोरं. बराकीतल्या बायका रांगेने बसायच्या, कारण बसायला आम्ही सांगितलेलं असायचं. नको म्हणणारी एकही नसायची. एकदा एका कच्च्या कैदीणीने शाईचा अंगठा उठवला आणि हळूच मला विचारलं, "बाई, यानं माझी तारीख लवकर लागंल का?" कागदावर तिच्या लहानपणाबद्दल प्रश्न होते. त्या मुलीने तिला नीट समजावलं होतं की याचा केसशी संबंध नाही. हिने मानही डोलावली होती. तरी पुढच्या आठवड्यात ती मला तेच विचारत होती. आत असलेल्या माणसाला सहीचा प्रत्येक कागद सुटकेचा वाटतो.

फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगाबद्दल तूच मला पहिल्या सत्रात सांगितलं होतंस. डॉ. अल्बर्ट क्लिगमन तिथे १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर औषधं आणि रसायनं वापरून बघत होते. कैद्यांना थोडे पैसे मिळायचे आणि सह्याही घेतलेल्या असायच्या. अशा गोष्टी उजेडात आल्या म्हणूनच १९७८ मध्ये अमेरिकेत कैद्यांवरच्या संशोधनाचे वेगळे नियम झाले: समितीत एखादा कैदी किंवा त्यांची बाजू मांडणारा माणूस हवा, आणि भाग घेतल्याने पॅरोलवर काही फरक पडणार नाही हे आधीच सांगायला हवं. तुला आज ज्या नियमांचा राग येतोय ते हेच.

तुझा विषय मात्र मला फार आवडला. टेक्सासात कैद्यांवर लक्ष ठेवायला कैदीच नेमायचे, बिल्डिंग टेंडर म्हणून. आपल्याकडे कैद्यांतूनच नेमलेले वॉर्डर. १८९४ च्या कारागृह कायद्याने तर अशा कैद्यांना लोकसेवक मानलं होतं. हातात अधिकार आला की कैदी कैद्याला कसा वागवतो, ते बघितलेल्याला सांगावं लागत नाही. डेव्हिड रुईझ या कैद्याने १९७२ मध्ये हाताने लिहिलेला अर्ज कोर्टात गेला, आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती विल्यम वेन जस्टिस यांनी टेक्सासच्या तुरुंगांतली अवस्था घटनाविरोधी ठरवली. त्याच सुमारास तिहारमधून सुनील बात्राने दुसऱ्या कैद्याला झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. दोन्हीकडे आतल्या माणसाने आपण होऊन लिहिलं होतं. कोणी प्रश्नावली पुढे केली नव्हती.

तुमच्या कॉलेजात पुढे शिकवायला आलेल्या जेम्स मार्कार्ट यांनी अभ्यासासाठी तुरुंगात रक्षकाची नोकरी केली होती. त्यांच्या धाडसाचं मला कौतुक आहे. पण गणवेशापुढे कैदी किती बोलतो आणि किती गिळतो, हे मला ठाऊक आहे. तुझ्या अंगावर गणवेश नाही, त्याचा उपयोग कर. जॉर्ज बेटो टेक्सासच्या तुरुंगांचे प्रमुख असताना न सांगता आत चालत जायचे, म्हणून त्यांना 'वॉकिंग जॉर्ज' म्हणायचे, हेही तूच सांगितलंस. त्यांच्या नावाच्या इमारतीत बसतेस, तर थोडं चालत जा. सुटून आलेली माणसं जाळीच्या पिशवीत सामान घेऊन बस स्टँडकडे जातात असं तू लिहिलं होतंस. बाहेर आलेल्याला नको म्हणता येतं. निम्म्या मुलाखती अशांच्या घेता येतील का, हे मार्गदर्शकांना विचार.

आणि रक्षकांनाही विसरू नकोस. तिथल्या बऱ्याच तुरुंगांत एसी नाही म्हणतेस. टेक्सासच्या उन्हाळ्यात कैद्याबरोबर रक्षकही त्याच भट्टीत उभा असतो. पोलीस अधिकारी प्रशिक्षणाला तुमच्या आवारात येतात, त्यांच्याशीही जेवणाच्या सुट्टीत बोलत जा.

गोडा मसाला आणि मेतकूट पाठवलंय. रात्री लायब्ररीतून एकटी परतू नकोस.

संमतीचा कागद नव्याने लिहिलास की रविवारी फोनवर मराठीतून वाचून दाखव. शाळा सुटलेल्या बाईला जिथे कळणार नाही, तिथे मी थांबवीन.

तुझी,
आई