तात्या, त्या भिजलेल्या माळेबद्दल

तात्या, मोबाईलवर तुम्ही काही हे वाचणार नाही, नातू वाचून दाखवील म्हणून लिहायलेय. तोंडावर बोलायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषयच बदलता.

कोर्ट मॅरेजला साक्षीदार तीन लागतात. वाड्यातलं कुणी येईल असं मी धरलंच नव्हतं. पण कॉलेजात "आम्ही आहोत ना" म्हणणारी मैत्रीण, तिचा फोन आदल्या रात्रीपासून बंद. आणि दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंड्याखाली उभं राहून निजाम गेला, जुलूम गेला, आता सगळे सारखे, असं तासभर ठोकणारे आमचे एक पाहुणे, त्यांनी तर लग्नाची नोटीस लागली ते 30 दिवस ओळखच दाखवली नाही. असो. तिसरी सही तुमची झाली. औशाहून एसटीनं लातूरला आलात, कडक इस्त्रीचं धोतर नेसून, जसं काय घरचंच कार्य.

तुम्हाला काय गरज होती हो? कूळ कायदा 1950 ला आला, तरी माझ्या आजोबानं तुमच्या वडलाचं नाव कुळात लागू दिलं नाही. त्याच रानाची केस तुम्ही अजून माझ्या बापाबरोबर खेळताय, निम्म्या गावाचं वाड्याशी असंच काहीतरी आहे. म्हणून तर मी सालगड्याच्या पोराशी लग्न केलं म्हणल्यावर गावातल्या पोरांना ते लग्न वाटलंच नाही, वाड्याची जिरली एवढंच कळलं त्यांना.

त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तर वाड्यासमोर हे टोळकं, हातात पाच हजार फटाक्यांची माळ, एक जण काडी ओढायलेला. मी रिक्षात खाली मान घालून. वाड्याची खिडकी बंद होती पण आतनं आईचा खोकला ऐकू येत होता, तो मी कुठंही ओळखीन. तुम्ही उतरलात, पोराच्या हातनं माळ घेतली आणि जनावराच्या हौदात सोडून दिली. "पोरीनं लगीन केलंय, आपण काय वाडा लुटून आणला नाय." आरडाओरड नाही, काही नाही. लाल कागद पाण्यावर पसरले, कुणाची तरी म्हैस हुंगून मागं सरली, आणि मला रडता रडता हसू फुटलं.

तोवर गावाला मी वाड्याची होते आणि वाड्याला मी मेलेली. तुम्ही नुसतं पोरगी म्हणलात. आमच्याकडं चांगुलपणावर भाषणं लई, पण स्वतःचा राग असा बाजूला ठेवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. बाकीच्यांचा राग शमवणं सोपं असतं, तुमचा तर तीन पिढ्यांचा होता.

केसचं काय व्हायचं ते होऊ द्या. तुम्ही जिंकलात तर मला वाईट वाटणार नाही, हे मी वडलांच्या तोंडावर सांगितलंय, तेव्हापासून ते फोनही उचलत नाहीत.

औंदा येळवसेच्या सणाला त्याच रानात जेवायला या म्हणलात ना, आंबील मी करून आणते. भज्जी काकूंनीच करावी, मला अजून जमत नाही. आणि आंबिलाची बिंदगी लई जड होते म्हणे, ती ह्यांच्या डोक्यावर देणार आहे.