सातव्या कृत्तिकेच्या निमित्ताने मंदारला पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझी मागची पत्रे उत्तराविना पडून आहेत आणि हे पत्रही त्यांचे उत्तर नव्हे. कृत्तिका सात दिसतात की नाही, या आपल्या जुन्या वादात एक नवा पुरावा हाती आला आहे आणि तो तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगण्यात अर्थ नाही. प्रकृती बरी आहे, रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे. एवढे वहिनींना सांग, म्हणजे त्या काळजी करणार नाहीत.

मी इथल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचा सभासद झालो आहे. दुर्बीण घ्यायच्या विचाराने चौकशीला गेलो होतो. त्यांनी आधी सगळ्यांच्या दुर्बिणींतून पाहून घ्या आणि मग ठरवा, असे सांगितले. हा सल्ला इतका योग्य होता की दुर्बीण अजून घेतलेली नाही आणि तिची उणीवही भासत नाही. एका गृहस्थांनी स्वतः आरसा घासून साध्या बैठकीवरची डॉब्सोनियन दुर्बीण तयार केली आहे. काही तरुण मुले कॅमेऱ्याने देवयानी दीर्घिकेची छायाचित्रे घेतात, तीही सुरेख असतात. पण मी रमलो तो वेगळ्याच कोपऱ्यात.

मंडळात एक ज्येष्ठ बाई आहेत. सगळे त्यांना ताई म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. त्या एका कडेला खुर्ची टाकून, लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांच्या प्रती नोंदवत बसतात. प्रत म्हणजे तेजाचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा मंद. त्यांची पद्धत तुला नक्की आवडेल. ज्या ताऱ्याचे तेज ठरवायचे त्याच्याहून थोडा तेजस्वी आणि थोडा मंद असे, तेज न बदलणारे दोन तारे निवडायचे, आपला तारा त्या दोघांच्या मध्ये नेमका कुठे बसतो हे नुसत्या नजरेने ठरवायचे आणि आकडा वेळेसह लिहून टाकायचा. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहायचे नाही, कारण पाहत राहिले की तो अधिकाधिक उजळ भासू लागतो. आणि आकडा लिहून होईपर्यंत वहीची मागची पाने उघडायची नाहीत. या नियमाबाबत ताई फार कडक आहेत.

2019 च्या अखेरीस मृगातला तांबडा काक्षी (बीटलज्यूस) मंदावू लागला तेव्हाची त्यांची पाने मी वाचली. नेहमी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा तारा फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 पर्यंत उतरला. ताऱ्याने बाहेर टाकलेली धूळ आणि त्याच्या पृष्ठावरचा थंडावलेला भाग ही कारणे पुढे सांगितली गेली, पण त्या महिन्यांत पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. ताईंचे आकडे पानामागून पान शांतपणे उतरत जातात, एकाही आकड्यापुढे उद्गारचिन्ह नाही. मी ती पाने पुन्हा पुन्हा वाचली.

मध्यंतरी ताईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते आणि निळा प्रकाश अडवते. ते काढून नवे बसवले की निळसर तारे एकाएकी उजळल्यासारखे वाटतात. ताईंनी शस्त्रक्रियेची तारीख वहीत तांबड्या शाईने लिहिली, खाली रेघ ओढली, ‘यापुढचा डोळा वेगळा आहे’ असे लिहिले आणि ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या रूपविकारी ताऱ्याच्या नोंदी यापुढे तुम्ही ठेवा, असे सांगून वही माझ्या हाती दिली. इतकी प्रामाणिक नोंद मी कोणत्याही हिशेबाच्या वहीत पाहिलेली नाही, आणि माझे आयुष्य कसल्या वह्या तपासण्यात गेले ते तुला ठाऊक आहे.

माझी काळजी इथूनच सुरू होते. अल्गॉलचे वेळापत्रक मला पाठ आहे. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा अंधूक जोडीदार त्याच्यापुढून जातो आणि 2.1 प्रतीचा तारा सुमारे पाच तासांत 3.4 पर्यंत उतरून तितक्याच वेळात पूर्ववत होतो. आज रात्री तो किमान तेजावर असणार हे सकाळपासून डोक्यात असताना मी वर पाहतो, तेव्हा मला तारा दिसतो की वेळापत्रक दिसते? तू हसशील, कारण हा प्रश्न मी तुला 1997 च्या एप्रिलमध्ये विचारला होता, हेल-बॉप धूमकेतू ययातीत असताना, तुमच्या गच्चीवर. तू म्हणालास सात कृत्तिका दिसतात. मी म्हणालो, पुस्तकात सात वाचल्यास म्हणून सात दिसतात. त्यावर तू गच्चीची किल्ली खिशात घालून घेतलीस आणि धूमकेतू ऐन भरात असताना मला खिडकीतून मान वाकडी करून पाहावे लागले. त्या किल्लीबद्दल मी तुला अजून माफ केलेले नाही.

विचार जितका करतो तितका तो प्रश्न मोठा होत जातो. अमेरिकन खगोलनिरीक्षक लॉवेलने मंगळावर कालवे पाहिले, रेखाटले, त्यांवर ग्रंथ लिहिले. तो खोटे बोलत नव्हता. इटालियन खगोलज्ञ शियापरेल्लीने 1877 मध्ये तिथे रेषा पाहिल्याचे त्याला माहीत होते आणि त्याच्या डोळ्याने ठिपके जोडून रेषा पुऱ्या केल्या. 1909 मध्ये खगोलज्ञ अँटोनियाडीने पॅरिसजवळच्या म्यूडाँ वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्या रेषा वेड्यावाकड्या डागांत विरून गेल्या. लॉवेलसारख्याचे असे होत असेल तर माझ्या डोळ्याचा भरवसा काय? परवा माझ्या शेजारी बसलेल्या मुलाने 3.4 लिहिले आणि मी 3.1. वेळापत्रक त्याच्या बाजूने होते आणि त्याने मला आकडा सुधारून घेण्याचा मनापासून सल्लाही दिला. मी सुधारला नाही. त्रिकोण समूहातला 3.4 प्रतीचा अल्फा तारा मला अल्गॉलहून उघडउघड मंद दिसत होता. ताईंनी दोन्ही आकडे तसेच ठेवायला सांगितले. त्यांचे म्हणणे असे की अनेकांच्या नोंदी एकत्र करणाऱ्याला दोन्ही लागतात, वेळापत्रकाशी जुळवून घेतलेला आकडा मात्र कोणाच्याच कामाचा नसतो. अशा जोड्यांतल्या ताऱ्यांमध्ये वस्तुमानाची देवाणघेवाण झाली की आवर्तकाळ हळूहळू बदलू शकतो, आणि तो बदल अशा नोंदींतूनच हाती लागतो. सगळ्यांनीच अपेक्षित तेच लिहिले तर तो कळणार कसा? हे सगळे मला पटते. तरीही घरी आल्यावर झोप येत नाही, कारण त्या रात्री मी वेळापत्रकाच्या विरुद्ध लिहिले म्हणून माझी नजर स्वतंत्र ठरत नाही. मुद्दाम विरुद्ध पाहणे हाही पूर्वग्रहच.

आता पुरावा. सातव्या कृत्तिकेचे, म्हणजे तू जिच्यावर हक्क सांगतोस तिचे, नाव प्लायोनी. ती कृत्तिकांतल्याच ॲटलास ताऱ्यापासून जेमतेम पाच कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, त्यामुळे ती वेगळी दिसायला नजर तीक्ष्ण लागते. आणि ती स्वतः रूपविकारी आहे, तिची प्रत सुमारे 4.8 ते 5.5 यांच्यात बदलते. ताईंनी हे सहज बोलता बोलता सांगितले तेव्हा मला पहिली आठवण तुझी झाली. म्हणजे तुला ती खरोखर दिसली असणे अशक्य नाही. तू जिंकलास असा याचा अर्थ होत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेव.

तुझ्या बढतीबद्दल मनापासून अभिनंदन. मुक्ताचा निकाल कळव. आईंच्या गुडघ्याचे काय ठरले तेही लिही.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. 1782 मध्ये अठरा वर्षांच्या जॉन गुडरिकने अल्गॉल मंदावलेला पाहिला तेव्हा त्याने पहिली शंका स्वतःच्या डोळ्यांवर घेतली, दुसरी हवेवर. त्याच्याजवळ एडवर्ड पिगट हा शेजारी आणि मित्र होता आणि तोही तोच तारा पाहत होता. त्या मुलाला ऐकू येत नव्हते, आयुष्यही अवघे एकवीस वर्षांचे लाभले, पण मंदावण्याची वेळ त्याने नेमकी बांधली आणि एखादे अंधूक बिंब ताऱ्यापुढून जात असावे ही कल्पनाही मांडली. मला तसा पिगट हवा आहे, आणि माझ्या नजरेवर तुझ्याइतका मनापासून अविश्वास दाखवणारा दुसरा कोणी मला ठाऊक नाही.

तेव्हा आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक संध्याकाळी अल्गॉल पाहा. तुलनेला ययातीतला एप्सिलॉन 2.9 धर आणि त्रिकोणातला अल्फा 3.4, तारा उजळ असेल तर देवयानीतला गॅमा 2.1. ययातीतला ऱ्हो जवळ आहे म्हणून वापरू नकोस, तो स्वतःच बदलतो. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास दे. आकडा आणि वेळ लिहून महिन्याचा कागद एकदम पाठव. माझे आकडे मी तोवर तुला कळवणार नाही. मंदावण्याच्या वेळाही मुद्दाम लिहीत नाही. पुढची वेळ मोजून काढणे तुला सहज जमेल, म्हणून विनवतो की काढू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अभय