मराठी स्लाइडवरची अक्षरे ताणू नका

संपादक महोदय,

ग्रामसभा असो, शाळेची पालकसभा असो की पतसंस्थेची वार्षिक सभा, हल्ली पडद्यावर मराठी स्लाइड असतातच. मजकूर बहुधा चांगला असतो, पण अक्षरे कुठे चेपलेली तर कुठे ताणलेली दिसतात. मागच्या रांगेला वेलांटी पहिली की दुसरी हेही कळत नाही. यात दोष देवनागरीचा नाही. अक्षरांचा आकार बदलण्याची साधने रोमन लिपीच्या मापाने बेतलेली आहेत, म्हणून मराठीसाठी काही गोष्टी आपल्या हाताने बदलाव्या लागतात.

पॉवरपॉइंटमध्ये मजकुराच्या चौकटीचा कोपरा ओढला तर चौकट वाढते, अक्षर वाढत नाही. अनेक चौकटींचा गट करून ओढला तरी तेच. चौकट निवडावी, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ठेवावे आणि पूर्णविरामाची कळ दाबावी. अक्षर एकेक पायरी मोठे होते. स्वल्पविरामाच्या कळीने ते लहान होते. या पद्धतीत शीर्षक आणि खालचा मजकूर यांच्या मापांतला फरक टिकतो. थेट आकडा टाइप केला तर सगळ्या ओळी एकाच मापाच्या होतात.

सर्वांत जास्त नुकसान आपोआप होणाऱ्या आकुंचनाने होते. तयार चौकटीत मजकूर मावेनासा झाला की पॉवरपॉइंट अक्षर लहान करते आणि त्याबरोबर ओळींमधले अंतरही २० टक्क्यांपर्यंत कमी करते. त्यातच नेहमीच्या ऑफिस थीममध्ये मुख्य मजकुराचे ओळ-अंतर मुळातच ०.९ असते. रोमन अक्षरांना हे चालून जाते. मराठीत मात्र वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आणि वेलांटीवर आदळतो. वरच्या ओळीत ‘कुटुंबप्रमुख’ आणि त्याच्या खाली ‘कीर्ती’ लिहून पाहा, लगेच लक्षात येईल. उपाय सोपा आहे. चौकटीवर उजवी क्लिक, फॉरमॅट शेप, टेक्स्ट ऑप्शन्स, टेक्स्ट बॉक्स, आणि तिथे ‘डू नॉट ऑटोफिट’. मग परिच्छेदाच्या रचनेत ‘मल्टिपल’ निवडून १.० ते १.२ अंतर द्यावे. इतके करूनही मजकूर उतू जात असेल तर दुसरी स्लाइड घ्यावी. गूगल स्लाइड्समध्येही फॉरमॅट ऑप्शन्समध्ये ऑटोफिट आहे, तेही बंद करावे.

माप ठरवताना नुसत्या आकड्यावर विसंबू नये. कोकिळा आणि अपराजिता हे विंडोजचे फाँट त्याच पॉइंटला (पॉइंट म्हणजे अक्षराच्या मापाचे एकक, इंचाचा बहात्तरावा भाग) मंगल या फाँटपेक्षा बरेच लहान दिसतात. मंगलमध्ये बसवलेली स्लाइड कोकिळामध्ये नेली तर २४ चा आकडा तोच राहतो, पण वाचणे अवघड होते. हिशेब असा करावा: नेहमीची रुंद स्लाइड ७.५ इंच, म्हणजे ५४० पॉइंट उंच असते. पडदा १२० सेंटिमीटर उंच असेल तर २४ पॉइंट म्हणजे पडद्यावर सुमारे ५.३ सेंटिमीटर. यात वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते. शिरोरेषेपासून तळापर्यंतचे अक्षराचे अंग साधारण याच्या निम्मेच उरते. म्हणून मोठ्या सभागृहात मराठी मजकूर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

आता आकार बदलण्याविषयी. शेप फॉरमॅटमधील टेक्स्ट इफेक्ट्समध्ये ‘ट्रान्सफॉर्म’ आहे. त्यातला ‘स्क्वेअर’ लावला की चौकट ओढताच अक्षरेही ताणली जातात. फलकासारख्या एका शब्दाला हे उपयोगी आहे, पण ओढताना शिफ्ट दाबून कोपराच धरावा. बाजूची मूठ (चौकटीच्या कडेवरचा ओढायचा ठिपका) ओढून शब्द दुप्पट रुंद केला तर काना दुप्पट जाड होतो आणि शिरोरेषा होती तेवढीच बारीक राहते. उंचीत ताणला तर उलट होते: शिरोरेषा पट्ट्यासारखी जाड होते. ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे रुंदीत चेपली की त्यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. कमानीवर बसवलेल्या मराठी शब्दात प्रत्येक अक्षर वेगळे वळते, त्यामुळे शिरोरेषेला भेगा पडतात. वळण हवेच असेल तर त्याच यादीतल्या ‘वार्प’ गटातला सौम्य प्रकार घ्यावा. पिवळी मूठ थोडीशीच हलवावी. अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सोय मराठीला कधीच लावू नये, तिथे तर शिरोरेषा सरळ तुटते.

ठळकपणा हवा असेल तर ताणण्याऐवजी जाड वजनाचा, म्हणजे मुळातच जाड रेषांचा, फाँट घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट विनामूल्य मिळतो. त्यात सात वजने आहेत आणि रोमन अक्षरेही आहेत, त्यामुळे ‘जीएसटी’ मराठीत लिहा की इंग्रजीत, एकाच घडणीचे दिसते. फाइल दुसऱ्या संगणकावर न्यायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फाँट फाइलमध्ये बसवावा. सोबत पीडीएफ प्रतही ठेवावी. युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर परक्या संगणकावर नुसती रोमन चिन्हे उमटतात.

जिल्हा परिषदा, शाळा आणि संगणकवर्ग यांना आमची विनंती आहे की त्यांनी मराठीसाठी एक टेम्प्लेट तयार करून सर्वांना द्यावे. व्ह्यूमधील स्लाइड मास्टरमध्ये शीर्षक ४०, मजकूर २८, ओळ-अंतर १.१ आणि ऑटोफिट बंद, एवढे एकदाच ठरवायचे आहे. तासाभराचे काम आहे.

– अक्षरजुळणीच्या व्यवसायातील काही वाचक, पुणे