‘हर्बल’ शब्दापेक्षा घटकांची यादी वाचा

संपादक महोदय,

नैसर्गिक प्रसाधने वापरावीत व ती स्थानिकांकडून घ्यावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख पटला. मात्र वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. गेल्या पावसाळ्यात मी ‘हर्बल’ म्हणून शाम्पू आणला आणि आठवडाभरात मुलीच्या मानेवर पुरळ उठले. बाटली उलटून पाहिली, तर यादीत पाण्याखालोखाल सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे फेस आणणारे रसायन. माका आणि आवळा पार तळाशी. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिली तीन-चार नावे वाचली तरी पुष्कळ कळते. साबणावर टीएफएम, म्हणजे स्निग्धांश, पाहावा. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के लागतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शिकेकाई, रिठे अख्खे मिळतात, हातात घेऊन पारखता येतात. भिरंडेलाचा, म्हणजे कोकमतेलाचा, पिवळसर गोळा तर निखाऱ्याजवळ धरून भेगाळलेल्या टाचांना लावायचा. माझ्या आजीने दुसरे काही कधी वापरले नाही, आणि आमच्या घरी तो आजही असतो.

आता महिला स्वयंसाहाय्य गटही खोबरेल तेलाचे साबण करतात. पण काहींच्या वेष्टनावर नुसते फुलाचे चित्र असते. त्यांना घटक, वजन, तारीख नीट छापण्याचे आणि परवान्याचे मार्गदर्शन अन्न व औषध प्रशासनाने तालुका पातळीवर द्यावे, ही विनंती.

– एक वाचक, म्हापसा