पिसदुऱ्याच्या फोटोंना गोव्याहून उत्तर

डिचोली, गोवा

प्रिय सुधीर,

पिसदुऱ्याचे फोटो मिळाले आणि त्याखालचा ‘आता तुमच्या गोव्यातले जीवाश्म दाखव’ हा टोमणाही पोचला. वरोऱ्याजवळच्या शेतात डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात म्हटल्यावर तू फुशारकी मारणारच. शिवाय २००५ साली त्याच शेणात गवताच्या पेशींतले सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्या खनिजाचे, कण सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत उगवत होतं हे कळलं. एवढ्यापुरते तुला हात जोडले.

पण गड्या, आमच्या खडकांत तसलं काही मिळायचं नाही. जीवाश्म बहुधा गाळाच्या खडकांत मिळतात, आणि सड्यावरचा, म्हणजे पठारावरचा, जांभा हा तर गाळाचा खडकच नव्हे. मूळ खडक पावसापाण्यानं जागच्या जागी कुजून तो झाला. उसगाळीमळला कुशावतीकाठच्या जांभ्यावर बैल आणि चक्रव्यूह कोरलेत, पण ते माणसांचं काम.

खरे गाळाचे खडक बघायचे तर दोनापावलाला चल. पर्यटक सेल्फी काढतात तिथे खाली, ओहोटीला, काळपट करडे थर उघडे पडतात. ग्रेवॅक म्हणतात त्याला. प्राचीन समुद्रात उतारावरून चिखल-वाळूचा लोंढा घसरत खोल तळाशी जायचा. जड वाळू आधी बसायची, बारीक चिखल मागाहून. पेल्यात माती ढवळून ठेवली की होतं तसंच. मग दुसरा लोंढा, पुन्हा तेच. पुढे हे सगळं दाबलं गेलं, तापलं, घड्या पडल्या. वय २५० कोटी वर्षांहून जास्त. अंग असलेले प्राणी जेमतेम ६० कोटी वर्षांपूर्वीपासूनचे, तेव्हा शंख येणार कुठून? घर बांधायच्या आधीच भाडेकरू शोधतोयस तू!

आता माझा मुद्दा. डिचोली-साखळीच्या खाणींतलं लोखंडाचं खनिज हाच आमचा जीवाश्म, असं माझं म्हणणं आहे. शास्त्रज्ञ हा शब्द वापरणार नाहीत, मी वापरतो. खाणीच्या कापलेल्या भिंतीत मूळ खडक दिसतो तिथे पट्टे असतात: एक लोहाचा, एक सिलिकेचा, परत लोहाचा. त्या काळच्या समुद्रात ऑक्सिजन जवळपास नव्हताच, म्हणून लोह पाण्यात विरघळून राहायचं. उथळ पाण्यातले सूक्ष्मजीव उन्हावर जगत ऑक्सिजन सोडू लागले आणि लोह गंजून तळाशी बसलं. काही जीवाणू ऑक्सिजनशिवायही लोहाचा गंज करतात, त्यामुळे श्रेय कुणाचं किती यावर वाद आहे. पण दोन्ही बाजूंना जीवच उभे आहेत ना! हवेत ऑक्सिजन टिकायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आमचे पट्टे त्याच्याही आधीचे. नंतर पावसानं सिलिका धुऊन नेली, लोह उरलं, आणि ते आम्ही बार्ज भरभरून मांडवीतून आधी जपानला, मग चीनला पाठवलं. २०१२ ला खाणी बंद पडल्या, सुरू झाल्या, २०१८ ला ८८ लीज रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या होत्या. इथे घरोघरी या विषयावर भांडणं होतात. ट्रकवाल्यांचे हप्ते थकले हे खरं, शेतात खाणीचा गाळ आला हेही खरं. पण त्या भांडणात पट्ट्यांबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही, याचा मला राग येतो.

वर्गात मुलं मात्र उत्साही. एकानं दगडावरची नेचासारखी काळी नक्षी आणली, ‘सर, झाड!’ ते मँगॅनीज होतं. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून अशी फांद्याफांद्यांची नक्षी उमटते. त्याचा चेहरा उतरला, म्हणून मी त्याला मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहांची गोष्ट सांगितली: तिथल्या छतावर ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या प्राचीन प्राण्याचा ठसा सापडल्याचं २०२१ साली जाहीर झालं आणि २०२३ साली ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. पोरगा एकदम खूश.

तर तू ये. दिवाळीनंतर ये, तोवर दगडांवरचं शेवाळ वाळलेलं असतं. दोनापावलासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी बघून ठेवतो. खाणीत आत सोडत नाहीत, पण कडेच्या रस्त्यावरून पट्टे दिसतील अशी एक जागा मला ठाऊक आहे. हातोडी आणू नकोस, भिंग आण. आणि पिसदुऱ्याचा एखादा दगड खिशात घातला असशील तर तो आधी परत ठेवून ये, मग गाडी पकड.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक