गणित मी घेते, विज्ञान तुमचंच

बडोदा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवर नीट बोलून होणार नाही, म्हणून लिहिते. बाबा, पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

एप्रिलपासून दहावीच्या मुलांचं गणित मी इथून ऑनलाइन घेणार आहे. विज्ञान तुमच्याकडेच, पण आठवड्यातून तीन संध्याकाळ, एकच बॅच, सहा मुलं, आणि खालच्या हॉलमध्ये. वरची खोली बंद. सगळ्या पालकांशी मी बोलले आहे आणि त्यांना चालणार आहे. तुम्हाला आधी विचारलं असतं तर तुम्ही ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणाला असता, आणि तुमचे गुडघे पुढच्या वर्षापर्यंत थांबायला तयार नाहीत.

तुमच्याकडून काही काढून घेते आहे असं मनात आणू नका. कारणं सांगते. 2026 पासून सीबीएसईची दहावी वर्षातून दोनदा झाली. फेब्रुवारीतली सगळ्यांना सक्तीची, मग मेमध्ये तीन विषयांपर्यंत गुण सुधारायची संधी. म्हणजे पूर्वी मार्च संपला की तुम्हाला जी दोन महिने उसंत मिळायची, ती गेली. एप्रिलमध्ये नवी बॅच सुरू, आणि त्याच वेळी जुनी मुलं ‘सर, मई में फिर दे रहा हूँ’ म्हणत दारात. तुम्ही कोणाला नाही म्हणणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. इंदूरच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या त्या खोलीत, दिवसाला तीन तास उभं राहून. डॉक्टरांनी जिना आणि खडूची धूळ दोन्ही बंद सांगितलंय, ते आईने मला सांगितलं. तिच्यावर चिडू नका.

तुम्ही म्हणणार, गणित फोनवर शिकवता येत नाही. फोनसमोर बसून नुसतं बोललं तर येत नाहीच. म्हणून मी फोन बोलण्यासाठी लावत नाहीये, वही बघण्यासाठी लावते आहे. प्रत्येक मुलाने आपला फोन पुस्तकांच्या चळतीवर किंवा स्टँडवर असा ठेवायचा की कॅमेरा सरळ खाली वहीवर. चेहरा दिसला नाही तरी चालेल, पेनाचं टोक दिसलं पाहिजे. दिवा डाव्या हाताला, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना सावली अक्षरावर पडत नाही. शिसपेन नको, ते कॅमेऱ्यात पुसट दिसतं. काळं किंवा गडद निळं पेन. सहाच मुलं का, तर लॅपटॉपवर सहा वह्या वाचता येतील एवढ्या मोठ्या दिसतात. आठ-दहा झाल्या की अक्षर लागत नाही आणि शिकवणीचं भाषण होतं.

वही का बघायची, ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे अतीच, तरी सांगते. नदीचं ते नेहमीचं गणित घ्या. होडीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी 18 किमी. 24 किमी प्रवाहाविरुद्ध जायला परत येण्यापेक्षा 1 तास जास्त लागतो, तर प्रवाहाचा वेग किती? बरोबर मांडणी 24/(18−x) − 24/(18+x) = 1. त्यावरून x² + 48x − 324 = 0, मुळं 6 आणि −54, उत्तर 6. आता मुलगा दुसऱ्याच ओळीत दोन पदांची अदलाबदल करतो, कारण ‘18+x’ मोठं दिसतं म्हणून ते आधी लिहितो. जास्त वेळ कुठे लागतो याचा विचारच नाही. मग समीकरण होतं x² − 48x − 324 = 0 आणि मुळं 54 आणि −6. तो ऋण मूळ शहाण्यासारखं खोडतो, 54 ला चौकट करतो आणि खूश होतो. पुढची सगळी आकडेमोड चोख असते! नदी ताशी 54 किमी आणि होडी 18, म्हणजे होडी विरुद्ध दिशेला जाणारच नाही, हे त्याला सुचत नाही. शेवटचं उत्तर तपासणारा मास्तर नुसती फुली मारतो. दुसरी ओळ लिहिली जात असताना बघणारा तिथेच विचारतो, ‘जास्त वेळ कुठे लागतो रे?’ तुम्ही मागून येऊन वहीवर बोट ठेवायचात, तेच काम इथे कॅमेरा करणार.

वर्ग सव्वा तासाचा. पहिली दहा मिनिटं आदल्या दिवशीच्या चुका, वीस मिनिटं नवं, पस्तीस मिनिटं मुलांनी सोडवायचं, शेवटी दहा मिनिटं गृहपाठ समजावणं. सोडवताना सगळ्यांचे माइक बंद, नाहीतर हुशार पोरगं उत्तर बोलून टाकतं आणि बाकीचे पेन खाली ठेवतात. मी तीन मिनिटं काही दाखवत नाही. आधी फळ्यावर सोडवून दाखवलं की सगळे मान डोलावून ‘हाँ, आ गया’ म्हणतात आणि घरी एकालाही येत नाही. गृहपाठ पाचच गणितं, त्यातली दोन मागच्या धड्यांतली. वहीचे फोटो रात्री नऊच्या आत. फोनवरच्या ॲपने सोडवलेलं गणित लगेच ओळखू येतं: पायऱ्या नको तितक्या नीट आणि एकही खाडाखोड नाही. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी तेच गणित आकडे बदलून कॅमेऱ्याखाली करायला लावायचं. ओरडायचं नाही.

बॅचला घ्यायच्या आधीची तुमची वीस प्रश्नांची चाचणी मी तशीच ठेवते आहे. सहावी ते आठवीची: 2/3 + 1/4, −7 − (−3), 0.3 × 0.2, −(x − 3). पहिल्याला 3/7, तिसऱ्याला 0.6 आणि चौथ्याला −x − 3 लिहिणारं मूल दहावीच्या पुस्तकाला अजून तयार नसतं. त्याला दोन आठवडे सातवीचं पुस्तक, पालक कितीही घाई करोत. या तिन्ही गोष्टी कच्च्या असल्या की वर्गसमीकरणातली प्रत्येक चूक ‘सिली मिस्टेक’ वाटते, आणि ती सिली नसते.

एक मात्र कबूल. भूमिती ऑनलाइन जमत नाही. प्रमेयाच्या आकृतीत कोणता कोन म्हणतोय ते बोटाने दाखवावं लागतं. म्हणून त्रिकोण आणि वर्तुळ हे दोन धडे तुमच्याकडे, तुमच्या सोयीने, रविवारी. स्पर्शिकेची प्रमेयं तुमच्यासारखी कोणी शिकवत नाही, ते मी तुमची मुलगी म्हणून म्हणत नाहीये.

गणिताच्या 80 गुणांपैकी 20 गुण एकेका गुणाच्या प्रश्नांचे असतात. तिथे पायऱ्यांना गुण नाहीत. आकडा चुकला की गेला. तुमची मोठी गणितं राहणारच, पण मी रोज पाच मिनिटं पाढे, वर्ग आणि अपूर्णांक तोंडी घेणार. बाबा, याला घोकंपट्टी म्हणू नका. तुम्हीच मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडताना एकोणतीसचा पाढा म्हणायला लावायचात. कृष्णपुऱ्याच्या पुलावर पोचेपर्यंत संपला पाहिजे, अशी अट होती.

आता विज्ञान. तुमचा जीव भौतिकशास्त्रात, पण पेपरात जीवशास्त्राला 30 गुण आहेत, रसायन आणि भौतिक यांना 25-25. डिसेंबरमध्ये जीवशास्त्र धावत संपवायचं नाही. हृदय आणि नेफ्रॉन (मूत्रपिंडातली गाळणी) यांच्या आकृत्या जूनपासून आठवड्याला एक, नावांसकट. एनसीईआरटीने छाटलेल्या पुस्तकात आवर्तसारणी नाही. तुम्ही शिकवता ते मला पटतं, अकरावीत गेलेल्या मुलाला ती लागतेच. पण ती परीक्षेनंतर घ्या. गणितातला शंकूछेद, म्हणजे टोक कापलेला शंकू, मात्र आता सोडून द्या, तोही पुस्तकातून गेला.

आरशाच्या गणितात तुमचं ‘आधी आकृती, मग सूत्र’ अजिबात बदलू नका. अंतर्गोल आरसा, नाभीय अंतर f = −15, वस्तूचं अंतर u = −10. मुलं भिंगाचं सूत्र लावतात आणि प्रतिमेचं अंतर v = −6 आणतात. आकृती आधी काढली असेल तर वस्तू नाभीच्या आत आहे, प्रतिमा आरशामागे आणि मोठी येणार, हे डोळ्यांसमोर असतं, आणि −6 बघून मूल स्वतःच थबकतं. बरोबर उत्तर +30, तिप्पट मोठी.

प्रयोग करा, पण स्वयंपाकघरातले. पानाचा चुना चमचाभर, भांडंभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं निवळ पाणी हलकेच बाटलीत. त्यात नळीने फुंकलं की दुधाळ होतं. मुलं तिथेच थांबतात, त्यांना पुढे फुंकत राहायला सांगा: पाणी पुन्हा निवळतं, कारण दुधाळ दिसणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. फुंकायचंच, ओढायचं नाही, हे प्रत्येकाला बजावून. वरच्या कपाटातल्या ॲसिडच्या बाटलीला हात लावायचा नाही, मोरीत ओतायची तर मुळीच नाही. मी येऊन बघते.

हॉलची व्यवस्था ठरली आहे. बोर्ड पांढरा, चार बाय तीन फूट, देवघराच्या बाजूच्या भिंतीला. खिडकीसमोर लावला तर चकाकतो आणि दोन मुलांना काही दिसत नाही. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे वरची कडही खुर्चीत बसून तुमच्या हाताला येईल. मुलं अर्धवर्तुळात, कोणाच्या डोक्याआड कोणी नको. सुतार रविवारी येईल. तो ‘उंच लावू का’ म्हणेल, नाही म्हणा. मार्कर आडवे ठेवा. टोक वर करून उभे ठेवले की शाई खाली बसते आणि नवा मार्करसुद्धा पुसट उठतो. चुकून पक्क्या शाईने लिहिलं गेलं तर त्याच अक्षरांवरून बोर्डाचा मार्कर गिरवून लगेच पुसा, निघतं. खुर्ची हातांची, उशी पाठीला. तुमची ती लाकडी खुर्ची कुठे जात नाही, ओसरीत राहील.

आई, तुझ्यासाठी. बॅच साडेपाचला सुटेल, म्हणजे दिवेलागणीला घर तुझं असेल आणि रामरक्षा कोणाच्या ‘आंटी, पानी’शिवाय पूर्ण होईल. पाण्याची बाटली मुलं घरून आणतील, मी सांगितलंय. फीची वही तूच ठेव. गणिताची फीसुद्धा बाबांच्याच खात्यात येणार, त्यावर वाद नको, मला इथे काही कमी नाही. मोबाइलवर पैसे येताना पिन कधीच द्यावा लागत नाही. कोणी ‘पिन टाका, मग फी येईल’ म्हणालं तर फोन ठेवून दे आणि मला लाव. बाबांचा चहा बॅचच्या आधी, नंतर नको, त्यांना मग झोप येत नाही. गुडघ्याचा पट्टा बसल्यावर काढायला लाव. कामाच्या बाई आता सकाळी अर्धा तास जास्त थांबतील, भाजी त्या चिरतील. तू उभी राहून पोळ्या करतेस ते मला फोनवरसुद्धा कळतं, स्टूल घे.

बाबा, मला माहीत आहे, मुलं निघून गेल्यावरचं घर तुम्हाला आवडत नाही. म्हणूनच विज्ञान ठेवलं. सगळं बंद करा असं दादा म्हणत होता, मी ऐकलं नाही. माझं गणित चुकत असेल तर तुम्ही कधीही वर्गात या, लिंक आईच्या फोनवर असेल. मुलांसमोर चूक काढलीत तरी मला राग येणार नाही. फक्त बसून या, आणि इन्हेलर जवळ ठेवून.

मी महिनाअखेरीच्या शुक्रवारी रात्री अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसते, शनिवारी सकाळी पोचेन. स्टेशनवर यायचं नाही, रिक्षा मिळते. तोवर वरच्या खोलीतलं एकही पुस्तक स्वतः खाली आणू नका. आणि त्या वीस प्रश्नांच्या कागदाचा फोटो आजच पाठवा. ट्यूबलाइटखाली, सावली न पडता. मला तो टाइप करून सोमवारपर्यंत सहाही घरी पाठवायचा आहे.

तुमची,
चिमी