पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर का चढत नाही?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

हल्ली पेपरात आणि मोबाईलवर घटस्फोटाच्या बातम्या येतात त्या सगळ्या कोटींच्या, कुठल्या क्रिकेटरने किती दिले, कुठल्या नटाने किती दिले, आणि खाली लोकांच्या कमेंटी की बायका लुटतात म्हणून. आमच्या देवगड-राजापूर पट्ट्यात काय चालतं ते कोणी लिहित नाही म्हणून लिहितेय. इथे भांडण महिना चार-पाच हजारांचं असतं आणि ऑर्डर होऊनही ते हातात पडत नाहीत. मी पतसंस्थेत काउंटरला होते, रिटायर झाले तरी बायका कागद घेऊन घरी येतात, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय.

मुख्य मुद्दा आधी सांगते. हापूसच्या बागेवर सोसायटीचं पीककर्ज काढलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढतो आणि तो उतरल्याशिवाय ती जमीन घ्यायला कोणी धजत नाही. पोटगीचाही असाच बोजा चढवता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 मध्ये सरळ लिहिलंय की कायमची पोटगी ठरवताना गरज असेल तर कोर्ट ती समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवून सुरक्षित करू शकतं. पण माझ्याकडे आलेल्या समझोत्याच्या कागदांत हे वाक्य जवळजवळ कधीच नसतं, वकील अर्जात मागत नाहीत, बाईला माहीत नसतं, आणि न मागता कोर्ट कशाला देईल? नवरा मुंबईत, पगार रोखीत, स्लिप नाही, मग वसुली करायची कशावर? गावाला मात्र त्याच्या नावावर बाग असते, आणि हायवे झाल्यापासून एजंट घरोघरी फिरतायत, ती बाग एकदा विकली गेली की बाई हातात ऑर्डर घेऊन बसली. कोर्टाने बोजा ठेवला असेल तर निकालाची नक्कल घेऊन तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज करायचा, म्हणजे घेणाऱ्याला उताऱ्यावरच दिसतं. जमीन सामाईक असली तर त्याच्या हिश्श्यापुरता बोजा मागा, आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असतात तो घोळ वेगळाच आहे, पण म्हणून मागायचंच नाही असं नाही.

यातूनच दुसरा गैरसमज, की घटस्फोट झाला की अर्धी इस्टेट बायकोला मिळते. आपल्याकडे असा कायदाच नाही. पोटगी मिळते, स्त्रीधन मिळतं, तिच्या नावावरचं तिचं राहतं, बाकी काही आपोआप होत नाही. मुलांचं मात्र वेगळं आहे, आईबाप वेगळे झाले म्हणून मुलांचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जात नाही, आणि "मुलांसाठी काही मागणार नाही" असं आईने लिहून दिलं तरी त्याने बापाची जबाबदारी संपत नाही. तरी हे वाक्य कागदात घालतातच, दरवेळी, आणि सही करणाऱ्या बाईला वाटतं आता सगळं संपलं.

गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी आले की वाडीत बैठक बसते, दोन्हीकडची चार माणसं जमतात, स्टॅम्पवर फारकत लिहितात, नोटरी करतात आणि सगळ्यांना वाटतं घटस्फोट झाला. नाही झाला हो! एखाद्या समाजात तशी पूर्वापार रूढी असेल आणि ती कोर्टात सिद्ध करता आली तर गोष्ट निराळी, एरवी हिंदू लग्न कोर्टाच्या डिक्रीशिवाय मोडत नाही. त्या कागदावर विसंबून नवरा दुसरं लग्न करतो, पुढे तो वारला की पेन्शन, विमा, वारस नोंद या सगळ्यात दोन बायका आणि दोघींची पोरं समोरासमोर उभी राहतात. दोघंही राजी असाल तर एक वर्ष वेगळं राहून संमतीचा अर्ज करता येतो, आणि नंतरची सहा महिन्यांची मुदतसुद्धा योग्य केसमध्ये कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने 2017 मध्येच सांगितलंय, मग स्टॅम्पचा शॉर्टकट कशासाठी?

आता कर्जाचं, कारण हे मी काउंटरवर रोज बघायचे. होडीच्या इंजिनाला, घराच्या दुरुस्तीला, होमस्टेला कर्ज काढताना बायकोची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून घेतात. घटस्फोट होतो, समझोत्यात लिहितात की हप्ते नवरा भरेल, आणि तीन वर्षांनी वसुलीची नोटीस येते तिच्या माहेरच्या पत्त्यावर. बँक त्या समझोत्यात नव्हतीच, तिला तो बांधत नाही! सही आहे तोवर ती देणेकरी, आणि तिचा सिबिल खराब होतो तो वेगळाच. म्हणून अंतिम सही करायच्या आधी बँकेकडून आपलं नाव कमी झाल्याचं लेखी पत्र घ्या, नाहीतर कर्ज आधी फेडून घ्या. दागिन्यांचंही तेच, सोनं तिचं आणि तारण पावती नवऱ्याच्या नावावर, असं सर्रास चालतं. सोनाराच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपून ठेवा. नॉमिनी बदलायचं तर दोघंही विसरतात.

मुंबईला जाऊन केस लढायला पैसे कुठून आणायचे म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात, तर बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं 125 कलम 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, 144 झालंय, तो अर्जही राहत्या जिल्ह्यातच होतो, आणि मुस्लिम घटस्फोटित बाईलाही तो मार्ग मोकळा आहे हे सुप्रीम कोर्टाने त्याच महिन्यात पुन्हा स्पष्ट केलं. आमच्या खाडीकाठच्या गावांतून नवरे आखातात असतात, तिथे तर हे माहीत असायलाच हवं. 2020 पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, बाई कमावत असेल तर तिनेही लपवू नये, पण नवऱ्याने बाग लपवली तर ऑनलाइन सातबारा 15 रुपयांत निघतो, तो काढून लावा. पोटगी थकली तर 144 खालचा वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा, "देईल पुढच्या सीझनला" म्हणत थांबलात तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. रक्कम ठरवताना दर दोन वर्षांनी वाढ लिहून घ्या, सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये एका निकालात तशी 5 टक्के वाढ लावून दिलीय.

माझी मागणी एवढीच की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मे महिन्यात आणि गणपतीत, माणसं गावात असताना, ग्रामपंचायतीत शिबिरं घ्यावीत आणि तिथे तलाठ्यालाही बसवावं, म्हणजे बोजाचा फेरफार कसा होतो ते लोकांना तिथल्या तिथे विचारता येईल. बाईला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो हे अजून निम्म्या बायकांना माहीत नाही. हेल्पलाइनचा नंबर 15100 आहे, तेवढा तरी ठळक छापा.

आपली,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग